आफ्रिकेतील राष्ट्रीय उद्यानांची सफर



‘सफारी’ हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही ऐकू येतो. ताडोब्याच्या जंगलात शिरणारी मोटार सफारीला निघते आणि शहरातल्या बागेतही मुलांची सफारी होते. शब्द मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. तिथे त्याचा अर्थ नुसता ‘प्रवास’ एवढाच आहे. कुणी परगावच्या बहिणीला भेटायला निघाला, तरी तो सफारीलाच निघाला असे म्हणतात. अरबीतला ‘सफर’ हा शब्द स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘सफर’च राहिला. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांनी शिडाच्या गलबतांतून शेकडो वर्षे माल नेला-आणला. त्या मालाबरोबर शब्दही गेले-आले. स्वाहिलीत पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ म्हणतात आणि चपातीला तर चपातीच म्हणतात.

पुढे युरोप-अमेरिकेतले धनवान लोक बंदुका घेऊन या भागात उतरू लागले, तेव्हा या साध्या शब्दाला शिकारीचा वास लागला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली शेकडो हमालांचा तांडा घेऊन गेले होते. त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून पाचशेच्या वर जनावरे मारली. आज तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत शिकारीला पूर्ण बंदी आहे. प्रवासी जातो तो दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन.

अलीकडे एका फेब्रुवारी महिन्यात मी आणि माझी पत्नी असे आम्ही उभयता टांझानिया देशाच्या उत्तर भागात दहा दिवस फिरून आलो. कोणकोणती जनावरे पाहिली याची यादी तुम्हांला वाचून दाखवण्यात हंशील नाही. पत्नीचे माहेर शेतकऱ्याचे, दावणीला सात-आठ जनावरे असणारे. तिने पहिल्याच दिवशी आमच्या वाटाड्याला विचारले, “भाऊ, एवढी रानजनावरे इथे मोकळी हिंडतात, मग शेजारच्या गावांतल्या पिकाचे आणि गुरांचे काय होते?” आमचा वाटाड्या हाच गाडीचा चालक. त्याचे चुलते-मामा गुरे पाळणारे. हा प्रश्न त्याला आवडला असावा, कारण मग दहाही दिवस तो त्याचेच उत्तर देत राहिला. आजच्या भाषणात मी तेच उत्तर तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी प्रवासाची माहिती थोडक्यात सांगतो. मुंबईहून नैरोबीला विमानाने सहा तास लागतात. तिथून मोटारीने केनियाची सरहद्द ओलांडून अरुशा या गावी पोचायला आणखी पाच-सहा तास. आभाळ निरभ्र असले तर वाटेत किलिमांजारो पर्वत दिसतो. त्याची उंची ५,८९५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साडेतीनपट. निघण्यापूर्वी किमान दहा दिवस सरकारमान्य केंद्रात पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते आणि तिचा दाखला जवळ बाळगावा लागतो. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र घरीच ठेवाव्यात. टांझानियात २०१९ पासून त्यांना बंदी आहे.

एक गंमत सांगतो. तिथल्या लोकांचे घड्याळ सूर्याबरोबर चालते. सूर्य उगवल्यावर तास मोजायला सुरुवात होते. म्हणून आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो, त्याला ते ‘एक’ म्हणतात. आपले पूर्वज दिवस उगवल्यापासून घटका मोजत, तसाच हा हिशेब. विषुववृत्ताजवळच्या देशात बाराही महिने सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवतो आणि मावळतो, म्हणून तिथे हे घड्याळ चुकत नाही.

आमचा पहिला मुक्काम तारंगिरे या उद्यानाजवळ होता. याच नावाची नदी त्यातून वाहते. जून ते ऑक्टोबर हा तिकडचा कोरडा हंगाम. त्या दिवसांत आसपासचे सारे पाणवठे आटतात आणि हत्तींचे कळपच्या कळप या नदीवर येतात. फेब्रुवारीत कळप थोडे पांगलेले असतात, तरी आम्हांला हत्ती पुष्कळ दिसले. नदीकाठी गोरखचिंचेची प्रचंड झाडे उभी आहेत. आपल्या कोकणपट्टीत, वसईकडे क्वचित दिसणारी गोरखचिंच मूळची आफ्रिकेचीच. जुन्या व्यापाऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. दुष्काळात हत्ती तिचा बुंधा सोंड आणि सुळ्यांनी सोलतात आणि आतला ओलसर गाभा चघळतात. कित्येक झाडांची खोडे त्यामुळे कमरेइतक्या उंचीवर खोल पोखरलेली दिसली.

उद्यानात वागण्याचे नियम कडक आहेत. गाडीतून खाली उतरायचे नाही, रस्ता सोडून गाडी घालायची नाही, जनावराला खायला द्यायचे नाही, सूर्य मावळल्यावर हिंडायचे नाही. कपडे मातकट रंगाचे असावेत असे आम्हांला सांगितले होते. निळा आणि काळा रंग त्सेत्से नावाच्या माशीला ओढून घेतो. ही माशी चावली की गुरांना ‘नागाना’ नावाचा रोग होतो. आपल्याकडे गुरांना आणि घोड्यांना होणारा ‘सर्रा’ हा याच्याच जातीचा. माणसालाही या माशीमुळे निद्रारोग होऊ शकतो. म्हणून झाडांच्या सावलीत जागोजाग निळ्या-काळ्या कापडाचे औषध लावलेले सापळे टांगलेले असतात. गंमत अशी, की या माशीच्या भयाने गुराखी दाट झाडीत गुरे नेत नसत, त्यामुळे ती झाडी रानजनावरांना राहिली. या रानाची राखण माशीनेही केली आहे.

तारंगिरेत आम्हांला पहिला धडा मिळाला. उद्यान सुमारे २,८५० चौरस किलोमीटरांचे. पण पाऊस पडला की तिथले झेब्रे आणि वाइल्डबीस्ट उद्यान सोडून पूर्वेला सिमांजिरोच्या मैदानावर जातात. तिथले गवत वाढत्या पिल्लांना आणि दुभत्या माद्यांना मानवते, म्हणून त्यांची विण्याची जागा तीच. हे मैदान मात्र सरकारी उद्यान नाही. ती गावांची जमीन आहे. मासाई लोकांची गुरे तिथे चरतात आणि अलीकडे तिथे नांगरही फिरू लागला आहे. सगळे मैदान नांगराखाली आले, तर उद्यानाच्या हद्दीत एकही झाड न तोडता उद्यान ओस पडेल.

यावर तिथे एक तोड निघाली. सिमांजिरोतले तेरात नावाचे गाव आहे. सफारी चालवणाऱ्या काही कंपन्यांनी २००५ साली या गावाशी करार केला. मैदानाचा ठरलेला भाग नांगरायचा नाही आणि तिथे वस्ती करायची नाही. गुरे चारायला मुभा आहे. याच्या मोबदल्यात गावाला दरसाल ठरावीक रक्कम मिळते. गुरे चारणे हा तर गावाचा पिढीजात धंदा, तेव्हा त्यात गावाचे काही गेले नाही आणि झेब्र्यांची बाळंतिणीची खोलीही शाबूत राहिली.

गुरांच्या रक्षणाची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. मासाई लोक रात्री गुरे काट्यांच्या कुंपणात कोंडतात. त्याला ‘बोमा’ म्हणतात. आपल्या मेंढपाळांच्या वाडग्यासारखा हा प्रकार. पण काटे वाळतात, मोडतात, त्यांत फट पडते आणि सिंह किंवा तरस आत शिरतो. सकाळी चिडलेले लोक भाले घेऊन सिंहाच्या मागावर निघतात, नाहीतर मेलेल्या जनावरावर विष घालतात. विष घातले की सिंहाबरोबर तरस, कोल्हे, गिधाडे, सारे मरतात. म्हणून सिमांजिरो भागात गेल्या काही वर्षांत नवीन कुंपणे उभी राहिली. गुग्गुळाच्या जातीच्या एका झाडाच्या फांद्या खांब म्हणून रोवतात. त्या फांद्या मूळ धरतात, त्यांना पालवी फुटते आणि त्यांना तारेची जाळी ठोकतात. खांब जिवंत असल्याने कुजत नाही आणि वाळवी लागून पडत नाही. पत्नीने ती कुंपणे दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाली, “हे आपल्याकडच्या वाडग्यांना जमेल.”

आता तंबूतल्या मुक्कामाविषयी सांगतो, कारण पुष्कळांना त्याचे कुतूहल असते. उद्यानाच्या आत सरकारने ठरवून दिलेल्या जागीच तंबू ठोकता येतात. भोवती भिंत किंवा कुंपण नसते. तंबूत दोन खाटा, मच्छरदाणी आणि सौर दिवा. आंघोळीसाठी गरम पाण्याची बादली दोरीने वर चढवतात आणि तिला लावलेल्या झारीखाली उभे राहायचे. पाणी टँकरने दुरून येते, म्हणून एका बादलीत भागवायचे. हे आपल्याला काही नवे नाही. जेवणात ‘उगाली’ म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, घेवड्याची उसळ आणि पालेभाजी. अंधार पडल्यावर तंबूतून बाहेर यायचे झाले, तर बत्तीचा झोत दाखवायचा. तो पाहून ‘अस्करी’, म्हणजे पहारेकरी, न्यायला येतो. रात्री तरसांचे हुंकार जवळून ऐकू येतात. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरांवरूनही ऐकू येते, म्हणून ती ऐकून सिंह दाराशी आला असे समजायचे कारण नाही. तंबूची चेन नीट लावून आत झोपलेल्या माणसाच्या वाटेला जनावर सहसा जात नाही.

वाटेत मन्यारा सरोवराच्या काठावर एक दिवस थांबून आम्ही डोंगर चढलो आणि न्गोरोंगोरोच्या काठावर आलो. फार जुन्या काळी इथे एक मोठा ज्वालामुखी होता. त्याचा माथा आत खचला आणि एक अवाढव्य कढई तयार झाली. ती सुमारे ६०० मीटर खोल आहे आणि तिच्या तळाचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. तळाशी गवत, तळे, थोडी झाडी. सिंह, हत्ती, रानरेडे, पाणघोडे आणि आता दुर्मिळ झालेला काळा गेंडा, हे सारे त्या एका कढईत नांदतात.

न्गोरोंगोरोची घडण मात्र इतर उद्यानांहून वेगळी आहे. सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले. मासाई लोक तिथे गुरे चारीत असत. राष्ट्रीय उद्यानात वस्ती नको, असे तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने ठरवले आणि १९५९ साली त्या प्रदेशाचे दोन भाग केले. सेरेंगेटीत माणसाला मज्जाव झाला. न्गोरोंगोरोत माणसे, गुरे आणि रानजनावरे यांनी एकत्र राहावे असे ठरले. सेरेंगेटी सोडलेल्या मासाईंना तसा शब्द दिलेला होता. पुढे कढईच्या तळावरून त्यांची वस्ती हलवली गेली आणि १९७५ साली शेतीला बंदी झाली. तरीही काठावरच्या पठारांवर लाल-निळी वस्त्रे पांघरलेले गुराखी आणि त्यांच्या गुरांशेजारी चरणारे झेब्रे आजही दिसतात.

हा संसार सुखाचाच चालला आहे असे मात्र समजू नये. सुरुवातीला तिथे सुमारे आठ हजार माणसे होती. २०२० च्या सुमारास ती संख्या लाखाच्या घरात गेली होती. २०२२ साली सरकारने अनेक कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर, हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवायला सुरुवात केली. लोक राजीखुशीने जात आहेत, असे सरकारचे म्हणणे. दवाखाने आणि शाळा यांना मिळणारा पैसा आखडून आम्हांला जायला भाग पाडले जाते, असे पुष्कळ मासाईंचे म्हणणे. आमचा वाटाड्या याविषयी बेताचेच बोलला. एवढे मात्र म्हणाला, “माझ्या आजोबांच्या वेळेला एकदा हलवले होते. तेव्हा सांगितले होते, की हे शेवटचे.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

न्गोरोंगोरोवरून सेरेंगेटीकडे उतरताना ओल्डुवाई नावाची घळ लागते. मेरी लीकी या विदुषीला १९५९ सालीच इथे मानवसदृश प्राण्याची सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. पुढे तिथे आदिमानवाचे अवशेष आणि दगडी हत्यारेही निघाली. म्हणजे माणूस हा या रानात काल-परवा घुसलेला उपरा नव्हे. त्याची आणि रानजनावरांची सोबत इथे लाखो वर्षांची आहे.

आता सेरेंगेटी. मासाई भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘संपता संपत नाही असे मैदान’. उद्यानाचे क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर, जवळजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढे. एवढ्या प्रदेशात ना गाव, ना शेत. आम्ही गेलो तेव्हा दक्षिणेकडचे मैदान वाइल्डबीस्टनी भरून गेले होते. या जनावराला आपल्या भाषेत नाव नाही. तोंड गाईसारखे, दाढी बोकडासारखी, शेपूट घोड्यासारखे. पण ते आपल्या नीलगाईच्या आणि काळविटाच्या गोत्रातले. या प्रदेशात त्यांची संख्या बारा-तेरा लाखांच्या आसपास धरतात. त्यांच्याबरोबर सुमारे दोन लाख झेब्रे आणि लाखोंनी हरणे असतात.

हा सगळा लवाजमा वर्षभर एका मोठ्या फेऱ्यात हिंडतो. कारण विचाराल तर गवत आणि पाणी. दक्षिणेच्या मैदानाजवळ ‘ओल दोइन्यो लेंगाई’, म्हणजे ‘देवाचा डोंगर’, नावाचा ज्वालामुखी आहे. त्याची राख हजारो वर्षे या मैदानावर पडत आली. त्यामुळे मातीत चुना आणि स्फुरद भरपूर. वरून थोड्या खोलीवर चुनखडीचा कठीण थर, त्यातून झाडाचे मूळ खाली जात नाही. म्हणून झाड नाही, नुसते आखूड आणि अतिशय कसदार गवत. दुभत्या गाईला आपण खुराक देतो, तसाच हा वाइल्डबीस्टचा खुराक. पण हे मैदान कोरडे. पाऊस थांबला की पाणी संपते. मग कळप पश्चिमेला आणि उत्तरेला, जिथे पाऊस अधिक आणि गवत उंच पण हलके, तिकडे सरकतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडून ते केनियातही जातात. पाऊस सुरू झाला की पुन्हा दक्षिणेला परततात.

चरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. झेब्रा घोड्याच्या जातीचा, तो रवंथ करीत नाही. उंच आणि राठ गवताचे शेंडे तो आधी खातो. मग खालचा पाला रवंथ करणाऱ्या वाइल्डबीस्टला मिळतो. नंतर जमिनीलगत फुटलेले कोवळे कोंब लहान हरणांच्या वाट्याला येतात. एकाच कुरणात तीन पंगती उठतात आणि भांडण होत नाही.

फेब्रुवारी हा विण्याचा महिना. दोन-तीन आठवड्यांत लाखो माद्या वितात. पाडस पाच-सात मिनिटांत उभे राहते आणि लगेच आईमागे धावू लागते. सगळ्याजणी एकाच वेळी का वितात? आपल्याकडे साऱ्या शिवारात ज्वारी एकाच वेळी निसवली, की पाखरांचा उपद्रव वाटला जातो. एकट्याची ज्वारी आगाप निसवली, की सगळी पाखरे त्याच्याच शेतावर तुटून पडतात. तोच न्याय इथे लागू आहे. सिंह आणि तरस खाऊन खाऊन किती खातील? त्यांची पोटे भरतात आणि बाकीची पाडसे मोठी होतात.

हे लाखांचे कळप पाहिल्यावर कुणालाही वाटेल, की ही आदिकाळापासूनची संपत्ती आहे. तसे नाही. १९६१ च्या सुमारास इथे अडीच लाखांच्या आसपासच वाइल्डबीस्ट होते. १९७७ पर्यंत ते तेरा-चौदा लाख झाले. सोळा वर्षांत पाचपट. ही वाढ झाली कशी? याचे उत्तर रानात सापडत नाही, गावच्या गोठ्यात सापडते.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ‘बुळकांडी’ हे नाव ठाऊक असेल. गुरांना ताप, तोंडात फोड, मग हगवण आणि आठ-दहा दिवसांत मरण. गोठेच्या गोठे रिकामे होत. हा रोग मूळचा आफ्रिकेचा नव्हे. १८८७ च्या सुमारास बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर तो आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला आणि दहा वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोचला. दर दहा गुरांतली नऊ मेली, असे ठिकठिकाणी घडले. गुरांवरच जगणाऱ्या मासाईंवर उपासमार ओढवली. त्या काळाला ते ‘एमुताई’, म्हणजे ‘सर्वनाश’, म्हणतात. गुरांबरोबर रानरेडे आणि वाइल्डबीस्टही मेले. पहिली लाट ओसरली, तरी रोग गेला नाही. पुढली साठ-सत्तर वर्षे वाइल्डबीस्टची वर्षाच्या आतबाहेरची वासरे त्याने मरत राहिली.

१९५० नंतर सेरेंगेटीच्या भोवतालच्या गावांत गुरांना बुळकांडीची लस टोचण्याची मोहीम निघाली. नैरोबीजवळच्या मुगुगा येथील प्रयोगशाळेत वॉल्टर प्लौराइट या पशुवैद्यकाने १९६० च्या सुमारास अधिक खात्रीची आणि स्वस्त लस तयार केली. रानातल्या एकाही वाइल्डबीस्टला कुणी सुई टोचली नाही. लस टोचली ती फक्त गावच्या गाई-बैलांना. तरीही १९६३ च्या सुमारास रानातला रोग नाहीसा झाला. मग लक्षात आले, की हा रोग रानजनावरांत आपल्या बळावर टिकत नव्हता. गावच्या गुरांकडून तो पुन्हा पुन्हा रानात जात होता. गोठा निरोगी झाला आणि रान भरले.

पुढची साखळीही पाहा. वाइल्डबीस्ट वाढले तसे गवत खाल्ले जाऊ लागले. वाळके गवत कमी राहिल्याने वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्याने झाडांची रोपे जगली आणि सेरेंगेटीच्या ज्या भागांत झाडे विरळ झाली होती, तिथे ती पुन्हा वाढली. वाइल्डबीस्ट वाढले तसे त्यांच्यावर जगणारे सिंह आणि तरसही वाढले. एवढ्या सगळ्याला सुरुवात कुठून? गावच्या वासराला टोचलेल्या सुईपासून.

या रोगाशी आपला संबंध जुना आहे. गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात. तीच नंतर हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि तिथे बुळकांडीवरच्या लशीचे मोठे काम झाले. भारतात १९५४ साली देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर आपल्याकडे बुळकांडीचे जनावर आढळले नाही. २०११ साली जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर जगातून मुळासकट उपटलेला हा दुसरा रोग.

गुरांची गोष्ट झाली, आता कुत्र्यांची. १९९४ साली सेरेंगेटीतले सिंह झटके येऊन मरू लागले. जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे सुमारे हजार सिंह गेले. कारण निघाले डिस्टेंपर, गावच्या कुत्र्यांना होणारा रोग. त्यानंतर भोवतालच्या गावांत कुत्र्यांना डिस्टेंपरची आणि पिसाळण्याच्या रोगाची लस टोचण्याचे काम सुरू झाले. माणसाला पिसाळलेले कुत्रे चावून मरण येण्याचे भय त्यामुळे घटले, हा गावाचा लाभ. आपल्या देशातही २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह थोड्या दिवसांत दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये याच रोगाचा विषाणू सापडला.

पत्नीच्या प्रश्नातला पिकाचा भाग राहिला. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. मक्याच्या शेतात रात्री एक कळप शिरला, तर वर्षाची बेगमी गेलीच म्हणून समजा. आपल्याकडे सिंधुदुर्गात २००२ साली कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हापासून दोडामार्गच्या शेतकऱ्यांनी हे दुःख भोगले आहे. केळी, नारळ, भात, काहीच सुटत नाही. टांझानिया आणि केनियात लोकांनी यावर दोन युक्त्या आजमावल्या. मिरचीची पूड गाडीच्या जुन्या तेलात कालवून ती दोरीला आणि फडक्यांना फासायची आणि शेताभोवती बांधायची. हत्तीचे नाक फार तिखट, त्याला तो वास सोसत नाही. दुसरी युक्ती मधमाश्यांची. लूसी किंग या संशोधक बाईंनी केनियात दाखवून दिले, की हत्ती मधमाश्यांना भितो. शेताभोवती खांबांना पेट्या टांगून त्या तारेने एकमेकींना जोडायच्या. हत्तीने तारेला धक्का दिला की सगळ्या पेट्या हलतात आणि माश्या उठतात. शेत राखले जाते आणि वर मधही मिळतो. दोन्ही उपाय रामबाण नव्हेत. फडकी पुन्हा पुन्हा भिजवावी लागतात, दुष्काळात माश्या पेट्या सोडून जातात. पण ज्याचे शेत आहे त्याच्याच हातून होणारे हे उपाय आहेत, हा त्यांचा गुण.

मंडळी, या दहा दिवसांत आम्ही जे पाहिले त्याचा मथितार्थ असा. रानाची हद्द नकाशावर असते. गवत, पाणी, रोग आणि भूक यांना ती ठाऊक नसते. गावची गुरे निरोगी, गावचे कुरण शाबूत आणि गावाला रानाच्या उत्पन्नात न्याय्य वाटा, या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे रान टिकते. जिथे गावावर नुसता भार पडतो, तिथे आज ना उद्या विष पडते, फास लागतात, नाहीतर एखाद्या पिढीला आपले घर सोडावे लागते. लांबून येऊन चार दिवस जनावरे पाहणाऱ्या आमच्यासारख्या प्रवाशाच्या आनंदाची किंमत त्या माणसांनी मोजलेली असते. ती त्यांना परत कशी मिळेल, हे पाहणे सरकारचे काम आहे आणि प्रवाशाचेही.

शिक्षकबंधू-भगिनींनी यातून वर्गासाठी दोन-तीन गोष्टी घेता येतील. आफ्रिकेच्या नकाशावर सेरेंगेटी आणि शेजारी तेवढाच सोलापूर जिल्हा मुलांकडून काढून घ्यावा. आपल्या गावच्या गायरानात कोणते जनावर कोणते गवत कोणत्या महिन्यात खाते, याची नोंद त्यांना वर्षभर करायला लावावी. आणि बुळकांडी गेली तरी तिचा एक भाऊबंद अजून आपल्यात आहे, हे सांगावे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा तो रोग. तो २०३० पर्यंत जगातून घालवण्याचा संकल्प आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर गावात लस टोचायला आले, की त्या दिवशी वर्ग थोडा वेळ बाहेर न्यावा. शेळीच्या कानाला बिल्ला लावताना आणि सुई टोचताना मुलांना पाहू द्यावे आणि सेरेंगेटीच्या लाखो वाइल्डबीस्टची हकीकत तिथेच, त्या शेळ्यांच्या शेजारी उभे राहून सांगावी.